मारुतीच्या पारापाशी का थांबावं लागतं?

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. नाव-गाव वगळून, थोडं आटोपतं करून देते.

"डॉक्टर मॅडम, माझं वय ५४. कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. झेडपीच्या शाळेत पोषण आहार शिजवायचं काम करते. सात वर्षं झाली शुगर आहे, पाच वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. दिवाळीपासून अंगात त्राणच राहिलं नाही. आधी घरापासून शाळेपर्यंतचा चढ एका दमात चढायचे. आता मध्ये मारुतीच्या पारापाशी थांबावंच लागतं. पोटऱ्या भरून येतात, धापही लागते. दोन मिनिटं टेकलं की परत चालता येतं. दुपारी घरी आले की भांडी तशीच टाकून आडवी होते, असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. दवाखान्यात दोनदा ताकदीची सलाईन लावली, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. वयोमानाप्रमाणे होतं म्हणाले. सून म्हणते, तुम्ही मनाला फार लावून घेता. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो थेट अँजिओग्राफीच करू. पण माझ्या छातीत तर कधीच दुखलं नाही. वडील ५२व्या वर्षी झोपेतच गेले. हे वयाचं आहे, मनाचं आहे, की खरंच काही आहे? आणि हो, सकाळी मिश्री लावते, तेवढं एकच व्यसन."

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर बाकीची पत्रं बाजूला ठेवून लिहायला घेतलं. 'मारुतीच्या पारापाशी थांबावंच लागतं.' रोज तिथेच, आणि दोन मिनिटं टेकलं की परत चालता येतं. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण पेशंटच्या तोंडून नेमकं हेच काढून घ्यायला आम्हाला अर्धा-अर्धा तास लागतो. थकवा कुणाला येत नाही? पण ठरावीक अंतरावर येणारा, थांबलं की ओसरणारा आणि सहा महिन्यांपूर्वी नसलेला थकवा वेगळा असतो. तो वयाच्या माथी मारता येत नाही. वय हळूहळू वाढतं, दिवाळीला एकदम वाढत नाही.

मनाचाही म्हणवत नाही. मनाचा शीण सहसा सकाळी उठल्यापासूनच सोबत असतो. चढ असो की सपाटी, त्याला फारसा फरक पडत नाही. तुमच्या थकव्याला मात्र चढ कळतो.

म्हणून आधी सांगायचं ते सांगून टाकते. तुमच्या हृदयाच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्या तपासून घ्यायला हव्यात, आणि ते याच आठवड्यात. घाबरवण्यासाठी म्हणत नाही. कदाचित काहीच निघणार नाही. पण मधुमेह, बीपी, तंबाखू आणि वडिलांचं लवकर आणि अचानक जाणं, हे सगळं तुमच्या एकटीच्या पत्रात आहे. अशा बाईला न तपासता 'वयोमानाप्रमाणे' म्हणून घरी पाठवणं मला पटत नाही.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत मधल्या काळात एवढं लक्षात ठेवा. बसल्या जागी धाप लागली, दरदरून घाम सुटला, जबडा, खांदा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात आवळल्यासारखं झालं, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाच-दहा मिनिटांत कमी झालं नाही, तर 'पित्त झालं असेल' म्हणत सोडा पिऊन पडून राहू नका. १०८ला फोन करायला सांगा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि पोटात रक्तस्रावाचा त्रास कधी झाला नसेल, तर अ‍ॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खा. ती गोळी आजच आणून देव्हाऱ्याजवळ ठेवा आणि सुनेला दाखवून ठेवा. स्वतः चालत दवाखान्यात जायचं नाही, मोटारसायकलवर मागे बसूनही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. छातीत दुखलंच नाही, तर हृदयाचं कसं असेल?

तुमच्या भागात उसाला ठिबक आहे. नळीत आतून क्षार धरला, तरी पाणी थोडंच लागत असतं तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात पिकाची गरज वाढते आणि त्या नळीवरच्या शेवटच्या सरीतला ऊस माना टाकतो. हृदयाच्या धमनीत आतल्या भिंतीला चरबीचा आणि चुन्याचा थर धरतो, तेव्हा बरंचसं असंच होतं. धमनी निम्म्याहून अरुंद झाली, तरी बसल्या जागी काही जाणवत नाही, कारण बसलेल्या हृदयाची गरजच कमी असते. चढ लागला की हृदयाला तीन-चार पट रक्त हवं असतं आणि ते मिळत नाही. उपाशी राहिलेला स्नायू ताठरतो, नीट सैल होत नाही, त्यामुळे मागे फुप्फुसात दाब वाढतो. त्याची धाप लागते. पुढे हातापायांना जेवढं रक्त पोहोचायला हवं तेवढं पोहोचत नाही, त्याने गळून गेल्यासारखं होतं. छातीतली कळ ही या सगळ्या गोष्टीतली फक्त एक खूण आहे, आणि मधुमेहात नेमकी तीच गळून पडते. शुगरने पायाच्या नसा बधिर होतात हे तुम्ही ऐकलं असेल. हृदयाकडून वेदना वर नेणाऱ्या नसाही तशाच मंदावतात.

बसलेल्या हृदयाची गरज कमी असते, तुमचा ईसीजी नॉर्मल येण्याचं कारणही तेच असू शकतं. तो खोटा नाही. पण तो तुम्ही पलंगावर निवांत पडलेल्या असताना काढला. पडलेल्या ताईंचं हृदय ठीक आहे एवढंच तो कागद सांगतो. पारापाशी पोहोचलेल्या ताईंबद्दल तो काही बोलत नाही.

बायकांच्या बाबतीत एका अभ्यासाचा मला फार उपयोग झाला आहे. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांना, आधीच्या दिवसांत काय होत होतं, असं विचारलं गेलं. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९५ जणींना आधीपासून काही ना काही होत होतं. सगळ्यात जास्त जणींनी, म्हणजे सुमारे ७० टक्के बायकांनी, सांगितला तो नेहमीसारखा नसलेला थकवा. त्याखालोखाल झोप बिघडणं आणि धाप. छातीत काही होत होतं म्हणणाऱ्या जेमतेम ३० टक्के होत्या. पुरुषांतही असं दिसलं आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराच्या जवळपास ३,९०० कर्मचाऱ्यांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यात कमालीचं गळून गेल्याची तक्रार करणाऱ्यांना पुढच्या चार वर्षांत हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं.

हे वाचून दमलेल्या प्रत्येक बाईने धसका घ्यायचं कारण नाही. ज्यांना अटॅक येऊन गेला त्यांतल्या ७० टक्के आधी थकलेल्या होत्या, याचा अर्थ थकलेल्यांतल्या ७० टक्के बायकांना अटॅक येतो असा होत नाही. थकवा तर घरोघरी आहे. म्हणून मी पेशंटला 'किती थकवा येतो?' असं विचारत नाही. 'दसऱ्याला काय करत होता जे आता होत नाही?' असं विचारते. धुण्याची बादली गच्चीवर एका खेपेत जायची का? पिठाचा डबा उचलून ठेवताना मध्ये टेकायला लागतं का? थकव्याला आकडा नसतो, पण त्याची पायरी मोजता येते. तुमची पायरी त्या पारापाशी आहे.

हा प्रश्न मी नेहमीच विचारत होते असं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, तुमच्याच वयाच्या. 'भाकरी थापताना दोनदा बसावं लागतं,' एवढीच तक्रार. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ निघालं. मला कारण सापडलं असं वाटलं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या महिन्यात या म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात त्या अतिदक्षता विभागात भेटल्या. वाचल्या, पण हृदयाचा बराच भाग कायमचा दुबळा झाला. रक्त कमी होतं हे खरंच होतं. तेवढ्यावर मी थांबले, ही चूक माझी. एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नसेलच असं नाही, हे मी त्या बाईंच्या खाटेशेजारी उभी असताना शिकले. रक्त कमी असलं की अरुंद धमनीतून जे थोडं रक्त जातं तेही पातळ, म्हणजे दोन्ही दुखणी एकमेकांना जोर देतात.

म्हणून तुमच्याही बाबतीत साध्या तपासण्या आधी होतील. हिमोग्लोबिन, थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी, किडनीचं काम कळण्यासाठी क्रिएटिनिन, रक्तातल्या चरबीसाठी लिपिड. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ही, कारण ती गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं. बीपीच्या गोळीची पट्टी सोबत न्या. काही गोळ्या हृदयाचे ठोके मंद करतात आणि त्यांनीही माणूस गळाल्यासारखा होतो. तसं असेल तर डॉक्टर बदलून देतील. तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका, त्यातल्या काही एकदम थांबवल्या की त्रास उसळतो. घोरता का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का, हेही सांगा. पण या यादीतलं एखादं कारण निघालं, म्हणून हृदयाची तपासणी पुढे ढकलू देऊ नका.

पोटऱ्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला त्याबद्दल जास्त बोलायचं आहे. जो थर हृदयाच्या धमन्यांत धरतो, तोच पायांच्या धमन्यांतही धरतो. चालताना पोटरीला रक्त पुरत नाही, ती भरून येते, गोळा आल्यासारखी होते. थांबलं की मोकळी होते. पुष्कळांना दुखतही नाही, नुसते पाय जड होतात, ओढल्यासारखे वाटतात, आणि 'पायात ताकद नाही' म्हणून वर्षं जातात. आता एक करून बघा. पारापाशी पोहोचल्यावर टेकू नका, नुसत्या उभ्या राहा. उभ्या उभ्या दोन-तीन मिनिटांत पोटऱ्या मोकळ्या झाल्या, तर संशय रक्तवाहिनीवर जातो. बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय बरंच वाटत नसेल, तर कमरेच्या मणक्यात नस दबत असू शकते. डॉक्टरांना हे एवढं सांगितलंत तरी निम्मं काम होतं.

मग डॉक्टरांना पाय बघायला सांगा. चप्पल, असतील तर मोजे, सगळं काढून. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे जाणाऱ्या दोरीसारख्या ताठ कंडरेच्या जरा बाहेरून, दोन बोटं हलकी ठेवली की एक नाडी लागते. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे असते. मी ती शोधताना माझे डोळे आपोआप मिटतात, इतकी ती बारीक असते. दोन्ही पावलं हाताला सारखीच ऊबदार लागतात का, पायावरची लव गेली आहे का, नखं जाड झाली आहेत का, टाचेला न भरणारी चीर आहे का, हे सगळं त्याच वेळी दिसतं. त्यानंतर घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर ०.९च्या खाली आलं तर पायाची धमनी अरुंद आहे. सुई नाही, कापाकापी नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम. मधुमेहात धमनीची भिंत कधी कधी चुन्याने इतकी कडक होते, की हा आकडा खोटाच जास्त येतो. तो १.४च्या वर गेला, तर निश्चिंत न होता पायाचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यायचा. एवढा आग्रह धरण्याचं कारण असं, की पायाची धमनी अरुंद निघालेल्या माणसाला हृदयाचा आणि मेंदूचा झटका येण्याचा धोकाही वाढलेला असतो. शिवाय मधुमेह्याच्या पायाला रक्त पुरत नसेल, तर चुलीजवळ बसलेला साधा चटकासुद्धा चिघळतो.

मुलाचं म्हणणं मी समजू शकते. लांब असलेल्या मुलाला सगळ्यात मोठी तपासणी एकदाची करून टाकावी असं वाटतं. पण थेट अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत नळी घालून रंगद्रव्य सोडून काढलेला फोटो, ही पहिली पायरी नाही. आधी टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात हृदयाची ताकद आणि झडपा दिसतात. मग हृदयाला काम देऊन बघायचं. पट्ट्यावर चालायची स्ट्रेस टेस्ट तुम्हाला कदाचित पुरी करता येणार नाही. हृदयाची परीक्षा होण्याआधीच पोटऱ्या थांबवतील, आणि मग 'टेस्ट अपुरी' असा शेरा मारलेला कागद हातात येईल. शिवाय बायकांमध्ये तिचं उत्तर पुरुषांपेक्षा जास्त वेळा फसवं येतं. म्हणून इंजेक्शनने हृदयाला काम देऊन केलेली स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओग्राफी बरी पडेल का, हे हृदयतज्ज्ञांना विचारा. सीटीला रंगद्रव्य टोचतात, ते किडनीला झेपेल का हे कळायला त्याआधी क्रिएटिनिन बघावं लागतं. या तपासण्यांत ठळक काही दिसलं किंवा त्रास झपाट्याने वाढला, तर अँजिओग्राफी करायचीच.

समजा, ब्लॉकेज निघालं. तर त्याच दिवशी स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, टाकायलाच हवा असं समजू नका. अटॅकच्या वेळची गोष्ट वेगळी, तिथे मिनिटं मोजायची असतात. पण हळूहळू वाढलेल्या, स्थिर आजारात ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०१९च्या शेवटी जाहीर झाले. चांगली औषधं घेणाऱ्यांत आणि औषधांसोबत लगेच स्टेंट किंवा बायपास करून घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण तीनेक वर्षांत जवळपास सारखंच राहिलं. ज्यांना त्रास होत होता, त्यांना मात्र स्टेंट-बायपासने जास्त आराम पडला. डाव्या बाजूची मुख्य धमनी बंद होत आली असेल किंवा हृदय फार दुबळं असेल, तर हा हिशेब लागू होत नाही. म्हणजे डॉक्टरांशी शांतपणे बोलायला वेळ असतो. आणि प्रोसिजर लागलीच, तर अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडून स्टेंट टाकणं) आणि बायपास दोन्ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. 'ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज विरघळवून देतो' अशी पाटी लावून वीस-वीस सिटिंगचे पैसे घेणाऱ्यांच्या दारात जाऊ नका.

ताकदीच्या सलाईनबद्दल मला राग येतो, तो तुमच्यावर नाही. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजची असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. बीपी आणि शुगर असलेल्या बाईच्या शिरेत हे सोडायचं आणि त्याला ताकद म्हणायचं! तास-दोन तास पडून राहिलात, पाणी मिळालं, म्हणून बरं वाटलं. हृदय दुबळं असेल तर त्या बाटलीने धाप वाढू शकते. पुन्हा लावून घेऊ नका.

आणि मिश्री. 'तेवढं एकच' असं तुम्ही लिहिलंत. मला ठाऊक आहे, पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावायची ती दहा मिनिटंच कित्येक बायकांची स्वतःची असतात. ती काढून घ्या असं मी म्हणत नाही, त्यातली तंबाखू काढा. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, ठोके वाढवतं, धमन्या आवळतं. सुटायला अवघड जातं. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. बऱ्याच जणींना भाजलेली बडीशेप किंवा ओवा तोंडात धरून निभावता आलं आहे. तंबाखू सोडायला मदत करणारी १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

तपासणी होईपर्यंत काम पूर्ण बंद करायला सांगत नाही. पण तांदळाचं पोतं आणि भरलेलं पातेलं उचलायचं नाही, चढ रेटून चढायचा नाही, जेवल्या जेवल्या निघायचं नाही. 'चालून चालून दम वाढवते' असं तर मुळीच करू नका. पायाच्या धमनीच्या आजारात चालण्याचा व्यायाम खरोखर औषधासारखा लागू पडतो. पोटरी भरून येईपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, आठवड्यातून तीन दिवस, निदान तीन महिने. पण तो हृदयाची तपासणी झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

सुनेला हे पत्र वाचायला द्या. ती वाईट मनाने बोलली असेल असं मला वाटत नाही. सासूला आडवं झालेलं तिने कधी पाहिलंच नाही, तिला ते समजायचं कसं? तपासणीला तिलाच सोबत न्या. पारापाशी काय होतं ते तुम्ही डॉक्टरांपुढे 'काही नाही हो, थोडं दमायला होतं' असं उरकून टाकाल. ती तसं होऊ देणार नाही.

रिपोर्ट आले की मला कळवा. पावलावरची नाडी लागली का, तेही लिहा.